पायातल्या मुंग्या आणि वाटीभर सोयाबीन

प्रश्न : माझं वय ४९. मांस-अंडी लहानपणापासून कधीच खाल्ली नाहीत. आठ महिन्यांपूर्वी मुलीच्या आग्रहाने दूध-दुभतंही सोडलं. पाळी वर्षभर अनियमित आहे. शेवटची येऊन चार महिने झाले, आणि ती आली तेव्हा अंगावरून फार गेलं. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने उठून कपडे बदलावे लागतात. थकवा खूप, नावं आठवत नाहीत, तीन-चार महिन्यांपासून पायाच्या बोटांत मुंग्या येतात. हिमोग्लोबिन तपासलं, ते चांगलं आलं. ॲसिडिटीची गोळी पाच वर्षं रोज घेते, बाकी औषध नाही. मुलगी म्हणते, वीगन आहाराने वाफा ८४ टक्के कमी होतात, व्हिडिओत पाहिलंय, जरा धीर धर. बहीण म्हणते, सोयाने कॅन्सर होतो, म्हणून मी सोयाच्या वाटेला गेले नाही. नवरा म्हणतो, दूध सोडलंस, आता हाडं मोडून घेशील. मी घरीच बदामाचं दूध करते, फळं, सॅलड, पालक भरपूर खाते, रोज दोन चमचे जवस घेते. पाळी जाण्याच्या काळासाठी म्हणून कॅप्सूलची एक बाटली आणली आहे, अजून उघडलेली नाही. हे सगळं सोडून पुन्हा दूध सुरू करू का?

उत्तर : ताई, वाफा, सोया, हाडं या सगळ्यावर बोलूच. पण तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती पायातल्या मुंग्यांपाशी. थकवा आणि विसरभोळेपणा यांच्या ओळीत तुम्ही त्यांना बसवलंत आणि पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात आणखी दोन गोष्टी अशा आहेत की त्या मुंग्यांशेजारी ठेवल्या की चित्र बदलतं.

जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्यापर्यंत मांस, मासे, अंडी, दूध यांतून पोचतं. तुम्ही मांस-अंडी कधीच खाल्ली नाहीत, म्हणजे तुमचा सगळा बी-१२ दुधाच्या वाटेने येत होता. ती वाट आठ महिन्यांपूर्वी बंद झाली. यकृतात बी-१२चा साठा असतो आणि भरलेला असेल तर तो काही वर्षं पुरतो, पण तुमचा भरलेला असेल याची खात्री कशी द्यायची? त्यातून पाच वर्षं रोज ॲसिडिटीची गोळी. अन्नातला बी-१२ प्रथिनांना चिकटलेला असतो, तो सुटा करायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही गोळी नेमकं तेच आम्ल दाबते. म्हणजे दूध चालू होतं तेव्हाही त्यातला बी-१२ अंगी पुरेसा लागत होता की नाही, ही शंकाच.

हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. इथे एक चकवा आहे. पालेभाज्या, फळं, कडधान्यं भरपूर खाणाऱ्याच्या अंगात फोलेट हे जीवनसत्त्व मुबलक असतं आणि ते रक्ताची बाजू सावरून धरतं. रक्त ठीक दिसतं, आणि तिकडे नसांची हानी चालूच राहते. मुंग्या, थकवा, स्मरणशक्तीची कुरकुर, उदासपणा ही बी-१२च्या कमतरतेची लक्षणं आहेत आणि मुंग्या सोडल्या तर तीच यादी पाळी जाण्याच्या काळाची. एकीच्या नावाखाली दुसरी लपते. नसांवरचा परिणाम फार दिवस दुर्लक्षिला तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून ही तपासणी याच आठवड्यात करा. डॉक्टरांना सांगा : बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि ड जीवनसत्त्व. बी-१२चा आकडा काठावर आला तर मिथिलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन तपासून खरं काय ते कळतं. रक्त देण्याआधी बी-१२ची गोळी सुरू करू नका, आकडा खोटा दिसेल. ॲसिडिटीची गोळी मनाने बंद करू नका, पण 'ही अजून लागते का?' असं जरूर विचारा. मुंग्या साखरेनेही येतात, थायरॉइडनेही येतात, म्हणून माझा अंदाज हे निदान समजू नका.

अहवाल काहीही येवो, बी-१२ तुम्हाला आता कायम बाहेरून घ्यावं लागेल. कमतरता निघाली तर किती आणि इंजेक्शन की गोळी, ते डॉक्टर ठरवतील. नाही निघाली तर रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. हे प्रमाण वीगन सोसायटीनेच सांगितलेलं आहे, जिथे १९४४ साली 'वीगन' हा शब्द जन्माला आला ती ब्रिटनमधली संस्था. तेव्हा 'गोळी घ्यावी लागते म्हणजे आहारच अपुरा' असं कोणी हिणवलं तर मनावर घेऊ नका, आणि 'सगळं निसर्गातून मिळतं' असं मुलगी म्हणाली तर तिलाही हे सांगा. स्पिरुलिना या शेवाळावर विसंबू नका. त्यात जे असतं ते बी-१२सारखं दिसतं, शरीराच्या उपयोगी पडत नाही. आणि हो, मुलीचा बी-१२ही तपासून घ्या.

फेरिटिनचा आग्रह कशासाठी, तर पाळी जाण्याआधीच्या काळात तुमच्यासारखं अंगावरून फार जातं तेव्हा लोहाचा साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. रक्तस्राव फार झाल्याचं डॉक्टरांना वेगळं सांगा, त्याची कारणं इतरही असतात. जेवणासोबत चहा-कॉफी नको, तासाभराचं अंतर असू द्या. कडधान्यावर लिंबू पिळा, वनस्पतीतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं.

थायरॉइडचं मी अनुभवाने सांगते. मी ४८ वर्षांची असताना दुपारी तीन वाजता टेबलावर डोकं ठेवून झोपायची वेळ यायची. एका डॉक्टरांनी नाडीही न बघता 'वयाचं आहे, होतं असं' म्हणून परत पाठवलं. वर्षभर मी ते खरं धरून चालले. नंतर दुसरीकडे तपासलं तर टीएसएच चांगलाच वाढलेला. वयाचंही होतंच, पण नुसतं वयाचं नव्हतं. त्यामुळे 'मेनोपॉज आहे' हे उत्तर कुणी पहिल्याच वाक्यात दिलं की माझे कान टवकारतात, ते उत्तर देणारी बाई स्वतःच असली तरी.

आता वाफा आणि ते ८४ टक्के.

मुलीने पाहिलेला आकडा बनावट नाही. 'मेनोपॉज' या नियतकालिकात २०२१ साली एक अभ्यास आला. पाळी गेलेल्या ३८ स्त्रिया, १२ आठवडे. अर्ध्याजणींना कमी चरबीचा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार आणि त्यात रोज अर्धा कप शिजवलेलं सोयाबीन. उरलेल्या अर्ध्याजणी नेहमीचंच खात राहिल्या. पहिल्या गटात मध्यम आणि तीव्र वाफा ८४ टक्के कमी झाल्या. व्हिडिओ बहुधा इथे संपला असावा. दुसऱ्या गटात, म्हणजे ज्यांनी काहीही बदललं नाही त्यांच्यात, त्याच वाफा ४२ टक्के कमी झाल्या!

हे नीट बघा. दिवसाला दहा वाफा येत असतील तर काहीही न करता त्या सहावर आल्या. वाफांच्या जवळपास प्रत्येक अभ्यासात असं होतं : त्यांचं प्रमाण आपोआप खाली-वर होत असतं, आपल्याकडे कोणी लक्ष देतंय याचाही परिणाम होतो. तरी आहाराच्या गटात दहाच्या दीड-दोन झाल्या, आणि त्याच अभ्यासाच्या पुढच्या, ८४ स्त्रियांच्या निष्कर्षातही ८८ टक्के विरुद्ध ३४ टक्के घट असा फरक राहिला. तेव्हा यात काही तथ्य असावं असं मला वाटतं. पण कशात? चरबी कमी झाली त्यात, वजन उतरलं त्यात, सोयाबीनमध्ये, की तिन्हींत? हा अभ्यास ते वेगळं करून सांगत नाही. कोण काय खातंय हे अर्थातच ज्याला त्याला माहीत होतं आणि अभ्यास करणारी संस्था वनस्पतीजन्य आहाराचा प्रसार करणारी होती. उत्तर अमेरिकेतल्या 'द मेनोपॉज सोसायटी'ने २०२३ साली हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला, त्यात वजन कमी करण्याला शिफारस मिळाली. सोया आणि आहारबदलाला, पुरावा अपुरा म्हणून, मिळाली नाही.

गंमत अशी की मुलीने ज्या अभ्यासाच्या जोरावर तुम्हाला धीर धरायला सांगितलं, त्यातली मुख्य वस्तू बहिणीच्या सांगण्यावरून तुम्ही ताटात घेतलीच नाहीत. तुम्ही सोयाबीन वगळून तो प्रयोग आठ महिने केलात.

बहिणीची भीती कुठून आली ते समजण्यासारखं आहे. सोयात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात, त्यांची ठेवण इस्ट्रोजेनसारखी असते. इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध आहे, म्हणून सोयाचाही असणार, असा तो हिशेब. पण ही द्रव्यं शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या मानाने फार दुबळी आहेत आणि ती चिकटतात ते मुख्यतः पेशींमधल्या वेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना (रिसेप्टर), त्यामुळे त्यांचं काम सगळीकडे इस्ट्रोजेनसारखं होत नाही. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये कर्करोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमीच आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, सोया हे औषध आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण भिण्याचं कारण उरत नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे पदार्थ खायला हरकत घेत नाही.

पदार्थ म्हणते आहे मी. सोयाबीन, टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), सोया दूध. तुमच्या त्या न उघडलेल्या बाटलीत काय आहे ते मला दिसत नाही, पण अशा कॅप्सूलमध्ये बहुधा आयसोफ्लेव्होनचा अर्क असतो आणि ब्लॅक कोहोश नावाची वनस्पती असते. अर्काचं प्रमाण वाटीभर सोयाबीनच्या कितीतरी पट असू शकतं, आणि ब्लॅक कोहोश घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या, विरळा पण गंभीर, नोंदी आहेत. बाटली उघडलेली नाही ना? परत घेत असतील तर परत करा.

मग करायचं काय? आधी एक आठवडा काहीही न बदलता वाफा मोजा. उशाशी एक कागद ठेवा. वाफ आली की रेघ, घामाने जाग आली की फुली, इतकंच. मग रोज अर्धा कप शिजवलेलं सोयाबीन सुरू करा. रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, बोटात दाबलं की मऊ चिरडेल इतकं शिजवा. कच्चट राहिलं तर पोट दुखतं आणि लोक सोयाला नावं ठेवतात. पहिला आठवडा दोन चमच्यांनीच सुरुवात करा, आतड्यांना सवय व्हायला वेळ लागतो, नाहीतर वाफांच्या जोडीला वायूही. १२ आठवडे द्या आणि रेघा पुन्हा मोजा. फरक पडला तर चालू ठेवा. नाही पडला तर स्वतःला दोष देऊ नका : सोयातल्या द्रव्यापासून इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात, आणि कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही, याचं तेही एक कारण मानलं जातं. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती रिकाम्या पोटी घ्या आणि सोया, कॅल्शियम, लोह यांच्यापासून चार तास लांब ठेवा.

जवसाचं थोडक्यात सांगते. १८८ स्त्रियांवरच्या प्रयोगात जवसाची वडी आणि बिनजवसाची वडी यांत वाफांच्या बाबतीत काहीही फरक पडला नाही. दोन्हीकडे साधारण तिसरा हिस्सा स्त्रियांच्या वाफा निम्म्यावर आल्या. पोट साफ राहायला आणि ओमेगा-३साठी जवस छान आहे, कुटूनच खा, अख्खं खाल्लेलं तसंच बाहेर पडतं.

आणि मुलीच्या 'धीर धर'बद्दल. वाफा का येतात, तर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी व्यवस्था आहे. इस्ट्रोजेन घटलं की ती उगाच हळवी होते, अंग जरासं तापलं तरी 'फार उकडतंय' असं समजून रक्तवाहिन्या उघडते, घाम फोडते. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा कालावधी मध्यकाने ७.४ वर्षं निघाला. इतकी वर्षं रात्री उठून कपडे बदलत धीर कोण धरणार? झोप मोडत असेल, काम होत नसेल, तर डॉक्टरांकडे औषधाची गोष्ट मोकळेपणाने काढा. वाफांवर हार्मोन उपचाराइतकं प्रभावी दुसरं काही नाही. २००२ साली या उपचाराचा अमेरिकेतला मोठा प्रयोग थांबवला गेला तेव्हापासून त्याची भीती बसली आहे, पण त्या प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी स्त्रीचा हिशेब वेगळा असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार यांपैकी काही होऊन गेलं असेल तर हा रस्ता बहुधा बंद, मग हार्मोनविरहित गोळ्या आहेत आणि वाफांसाठीच आखलेली वर्तन-उपचाराची पद्धतही आहे. गोळी घेतली म्हणून तुमचं वीगन असणं बाटत नाही. औषध नको असेल तर नको म्हणा, पण 'आहाराने जमायला हवं होतं' या अपराधापोटी नको म्हणू नका. योनीचा कोरडेपणा पुढेमागे जाणवला तर तो कुठल्याच आहाराने जात नाही, त्याला जागेवर लावायची औषधं आहेत; संकोच न करता मागा.

एवढं सगळं असताना या आहाराचा फायदा काय, असं वाटलं असेल. फायदा मला दिसतो तो हृदयाला. पाळी जायच्या आसपास एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल चढतं, त्यावर कडधान्यं, ओट्स, सोया, सुकामेवा हे खरोखर काम करतात. मात्र वीगन बिस्किटं आणि वीगन चिप्स ही शेवटी बिस्किटं आणि चिप्सच.

राहिले नवरोजी. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं गंभीर आहे. शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं हाडं सर्वांत वेगाने झिजतात. ब्रिटनमध्ये सुमारे ५५ हजार लोकांच्या पाहणीत, २०२०च्या निष्कर्षांनुसार, मांसाहारींच्या तुलनेत वीगन लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण २.३ पट होतं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भाग समजतो. वजनाचं मला माहीत नाही, पण उरलेल्या दोन्ही ठिकाणी तुमचा आहार उघडा पडतो.

घरी वाटून गाळलेल्या बदामाच्या दुधात प्रथिनं कपाला जेमतेम एक ग्रॅम आणि कॅल्शियम नावापुरतं. पालकात कॅल्शियम आहे पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, शोषलं जातं ते शेकडा पाचच्या आसपास. याउलट केल ही पालेभाजी आणि ब्रोकोली यांतलं निम्म्याच्या आसपास मिळतं. पन्नाशीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमचं लक्ष्य अमेरिकेत धरतात. ते तुम्ही सध्या गाठत नसणार. टोफू घेताना वेष्टनावर कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला आहे का ते वाचा, तसाच घ्या. प्रथिनं किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे वजन ६० किलो असेल तर ६० ते ७५ ग्रॅम. ते सॅलडने होणार नाही. शिजवलेली मसूर कपभर घेतली की अठरा ग्रॅम, सोयाबीन अर्धा कप की पंधरा, आणि ते तर तुम्ही आता खाणारच आहात. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, स्नायू आणि हाडांना ओझ्याची भाषा कळते.

तर दूध पुन्हा सुरू करायचं का? आवडत असेल, चुकल्यासारखं वाटत असेल तर खुशाल करा, हरल्यासारखं काही नाही त्यात. पण केवळ भीतीपोटी करायची गरज नाही. बदामाच्या दुधाच्या जागी कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणा. कपाला सात ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, वेष्टनावरचे आकडे पाहून घ्या. फक्त ते कॅल्शियम खोक्याच्या तळाशी गाळासारखं बसतं, म्हणून प्रत्येक वेळी ओतण्याआधी खोकं जोरात हलवा.